वैरागची लिफ्ट आणि मिरकरवाड्याची विंच

बार्शीहून सोलापूरच्या एसटीत बसलात की वाटेत वैराग लागते. श्री संतनाथ महाराजांचे हे गाव. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, जोडीला सोयाबीन, कांदा आणि द्राक्षे. ज्वारी निघाली की उन्हात शिवारभर पलटी नांगर फिरू लागतात, धुरळा उडतो आणि गॅरेजपुढे ट्रॅक्टर उभे राहतात. तक्रार बहुधा एकच, "लिफ्ट उचलत नाही!"

हे दुखणे समजायला आपण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाऊन येऊ. जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत जाळी विणली जातात, इंजिने उघडली जातात. जाळ्याचा दोर ओढणाऱ्या यंत्राला तिथे विंच म्हणतात. ज्या नौकांची विंच हायड्रॉलिकवर चालते, तिची आणि तुमच्या लिफ्टची जात एकच. इंजिन पंप फिरवते आणि पंप तेल दाबतो. ते तेल लिफ्टमध्ये दट्ट्या सरकवते, तर विंचमध्ये मोटर फिरवून दोर गुंडाळते. कोंडलेल्या तेलावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब असेल, तर १० सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या सुमारे पावणेबारा टनांचे बळ लावतो.

एवढ्या बळाला लगाम हवा. तो म्हणजे रिलीफ व्हॉल्व. जाळे खडकात अडकले, की हा व्हॉल्व उघडून तेल टाकीत परत सोडतो. विंच थांबते, दोर तुटत नाही, खलाशी वाचतो. तुमच्या ट्रॅक्टरमध्येही हाच राखणदार बसलेला आहे. लिफ्ट उचलेना म्हणून कुणी त्याचा स्क्रू आवळू लागला, तर त्याचा हात धरा. दाब मोजायचे घड्याळ लावून, कंपनीने दिलेल्या आकड्यावरच तो बसवावा, आणि तेही जाणत्या मिस्त्रीने.

त्याआधी घरच्या घरी चार गोष्टी पाहा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, लिफ्ट खाली सोडा, इंजिन बंद करा आणि तेलाची पातळी बघा. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. फेस असेल तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे. पंप किंचाळत असेल तर गाळणी तुंबली असावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरचे आणि लिफ्टचे तेल एकच असते, म्हणून पुस्तकात सांगितलेलेच तेल घाला. कोकणात खारा वारा नळ्या-सांधे खातो, तर वैरागात धुरळा पंप खातो. म्हणून झाकण उघडण्याआधी आणि नांगराच्या नळ्या जोडण्याआधी टोके स्वच्छ पुसून घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. गळती कधीही बोटाने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. वर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. पण आत मांस सडू लागते आणि बोट, कधी हातही गमवावा लागतो. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा. तरीही धार लागलीच, तर हळद लावून घरी बसू नका. त्याच घटकेला बार्शी किंवा सोलापूरचे मोठे रुग्णालय गाठा आणि "दाबाचे तेल कातडीत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

उचललेल्या नांगराखाली किंवा ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कुणी शिरू नये. मुलांना तर जवळही फिरकू देऊ नये. दर्यावर ताणलेल्या दोराजवळ शहाणा खलाशी उभा राहत नाही, तसेच हे.

नौकेला बंदीचे दोन महिने मिळतात. तुम्हाला ज्वारीची काढणी आणि नांगरट यांच्यामधले थोडे दिवस मिळतात. त्यांतला एक दिवस लिफ्टला द्या. आणि तुमचा ट्रॅक्टर दुसरा कुणी चालवत असेल, तर हा मजकूर त्याला आजच वाचून दाखवा.