बारा मुली पाहणारा मुलगा

२५ सप्टेंबर २००९ला ‘व्हॉट्स युवर राशी?’ प्रदर्शित झाला आणि लगेच उतरला. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, म्हणजे आपला कोल्हापूरचा माणूस. ‘लगान’, ‘स्वदेस’, ‘जोधा अकबर’ असे एकामागून एक भारदस्त सिनेमे केल्यावर त्याने ही रोमँटिक कॉमेडी करायला घेतली. प्रियांका चोप्राच्या बारा भूमिका, तेरा गाणी आणि लांबी तीन तासांच्याही वर. समीक्षकांनी लांबीवरून झोडपलं, हरमन बावेजावरून झोडपलं. प्रेक्षक थेटरकडे फिरकले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ‘वेक अप सिड’ आला, तो चालला, आणि बारा राशींचा विषय तिथंच मिटला.

मी तो यंदा पाहिला. पुण्यात, मोबाईलवर, तीन रात्रींत तुकडे पाडून. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, त्यामुळे विषय अंगावरचाच होता. सिनेमा फसलाय यात वाद नाही. फक्त तो कुठं फसलाय, याबद्दल माझं मत वेगळं आहे.

गोष्ट साधी आहे. योगेश पटेल शिकागोत शिकतो. इकडे भाऊ कर्जात बुडालाय. योगेशचं लग्न झालं तर घरात पैसा येईल आणि कर्ज फिटेल, म्हणून त्याला बोलावून घेतात. हातात दहा दिवस. स्थळं ढीगभर. मग तो ठरवतो की प्रत्येक राशीची एक, अशा बाराच मुली पाहायच्या.

हीच गोष्ट आधी एकदा चांगली जमली होती. मधु राय यांच्या ‘किम्बल रेवन्सवूड’ या गुजराती कादंबरीवरून केतन मेहतांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनसाठी ‘मिस्टर योगी’ केली. योगेश होते मोहन गोखले, सूत्रधार ओम पुरी. मी यूट्यूबवर पाहिली. गोखल्यांचा योगेश थोडा आखडू, थोडा बावळट, आणि मालिका सारखी त्याचीच फिरकी घेत राहते. सूत्रधार मध्येच येऊन त्याला टोचतो. प्रत्येक भागात नवी मुलगी, नवी नटी. मुलींना पाहायला आलेला हा प्राणी आधी आपणच नीट पाहून घेऊ, असा सगळा मामला.

गोवारीकरांनी योगेशला सज्जन केला. तिथं गंमत गेली.

सगळ्यांनी नावं ठेवली ती एकाच नटीच्या बारा भूमिकांना. मला मात्र सिनेमातली तीच गोष्ट खरी वाटली. आमच्या आईच्या व्हॉट्सॲपवर सध्या रोज बायोडेटे येतात. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, उंची, मामेकुळ. एका कोपऱ्यात फोटो, बहुतेक वेळा स्टुडिओतल्या त्याच निळ्या पडद्यासमोरचा. दहा-बारा पाहिल्यावर आई विचारते, “ही ती अंबाजोगाईची का केजची?” मी दिवसभर ऑफिसात डेटावर फिल्टर लावणारा माणूस, मलाही सांगता येत नाही. नाडी एक आली की बाद, छत्तीसपैकी अठरा गुणांच्या खाली की बाद. उरलेल्यांचा चेहरा एकच होतो. गोवारीकरांना हे दाखवायचं होतं का, कोण जाणे. पण दिसतं.

सिनेमाची अडचण वेगळीच आहे. कॅमेरा अख्खा वेळ मुलाच्या खुर्चीत बसलाय, आणि त्या खुर्चीतल्या माणसाला काहीच गमवायचं नाही. बारा नाहीत तर चोवीस. नकार द्यायचा, गाणं म्हणायचं, पुढच्या घरी जायचं.

ही खुर्ची आमच्या लिंबागणेशात आणून ठेवली तर काय होईल? गाव बीड तालुक्यातलं, भालचंद्र गणपतीचं देऊळ असलेलं. माझा चुलतभाऊ तिथं शेती करतो. वय तेहतीस. चार एकर, कापूस आणि सोयाबीन, एक बोअर. त्याचा बायोडेटा माझ्याआधी पाच वर्षं फिरतोय. माझ्यात त्याच्यापेक्षा जास्त काही आहे असं नाही. दिसायला तो बरा, बोलायला तर फारच बरा. पण माझ्या कागदावर ‘पॅकेज’ नावाची एक ओळ आहे. त्याच्याकडं त्या जागी ‘शेती’ लिहिलंय. मुलीकडच्यांना शेती लागते, फक्त ती करणारा नको असतो. यात त्यांचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही. सोयाबीनचा भाव त्यांनाही माहीत आहे.

आणि आकडा बघा. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या. राज्यात सगळ्यात कमी. पुढच्याच वर्षी परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण देशभर गाजलं. तेव्हाची ती लेकरं आता लग्नाच्या वयाला येतायत. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेले, बायको मिळवून द्या म्हणून. रील म्हणून सगळ्यांनी हसून फॉरवर्ड केलं. माझ्या भावाने बघितलं, फोन उलटा ठेवला आणि जनावरांना पाणी दाखवायला गेला.

सिनेमातल्या बारापैकी एक मुलगी, झंखना, मकर राशीची. अजून अल्पवयीन. योगेशला ते कळतं, तो हादरतो. साडेतीन तासांच्या आसपास चाललेल्या त्या सिनेमात माझा हात फोनवर थांबला तो इथं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत बीडमधल्या वीस ते चोवीस वर्षांच्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्याकडं याला ऊसतोडीचं कारण जोडलेलं आहे. कारखान्यावर जाताना नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग लग्न. पोरगी गेली, तिकडं एक कोयता वाढला, उचल मिळाली.

म्हणजे कर्जासाठी लग्न हा योगेशचा मामला आमच्याकडं फार ओळखीचा आहे. सिनेमाने नेमका हाच धागा सुरुवातीला हातात घेतला आणि गाण्यांच्या नादात सोडून दिला. झंखनाच्या घरून निघून योगेश पुढच्या राशीकडे जातो. ती मागं राहते, आणि तिचं काय झालं हे विचारायला कॅमेरा परत जात नाही.

‘स्थळ’ नावाचा मराठी सिनेमा मार्च २०२५मध्ये आला, जयंत सोमलकरांचा. चंद्रपूरकडचं गाव, कापूस पिकवणारा बाप, आणि पुन्हा पुन्हा पाटावर बसवली जाणारी सविता. सुरुवातीलाच एक स्वप्न आहे. त्यात बायका रांगेत बसून मुलालाच प्रश्न विचारतात, उंची किती, छंद काय. लोक हसतात. मीही हसलो. गोवारीकरांच्या सिनेमात बारा घरं फिरूनही कॅमेरा एकदाही असा उलटा फिरत नाही.

गेल्या महिन्यात भावाकडं पाहुणे आले होते. आमच्याकडं आता मुलीकडचेच आधी येऊन बघून जातात. काकूंनी पोहे केले, वर खोबरं घातलं. मुलीच्या मामांनी बोअर किती फूट आहे, उन्हाळ्यात पाणी टिकतं का, ते विचारलं. मग म्हणाले, “दाजी तयार हायेत, पण पोरगी म्हणती पुण्यात ऱ्हायचं. तुम्ही एखादी कंपनी धरचाल का?” भाऊ म्हणाला, “आणि शेत?” कुणीच काही बोललं नाही. चहा झाला. जाताना मामांनी गाडीला किक मारली आणि वळून म्हणाले, “कळवतो.”