साडेतीन इंच

बूट घ्यायला गेलं की दुकानदार निदान पाय मोजतो. टायर घ्यायला गेलं की तो तुमच्याच तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "साइज काय?"

चौतीस वर्षं लोकांचे हिशेब तपासण्यात घालवलेल्या मला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही हे कबूल करायला जीभ रेटत नव्हती. "नेहमीचीच," मी म्हणालो. टायरवाल्याने बाहेर उभ्या असलेल्या आमच्या जिप्सीकडे एकवार पाहिलं.

"काका, हिच्यात नेहमीचं काहीच नाही," तो म्हणाला.

खरं होतं ते. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आम्ही पळसदरीला राहतो. कर्जत-खोपोली लोकलने प्रवास केलेल्यांना हे स्टेशन ठाऊक असेल. बाकीच्यांनी ते पुण्याला जाताना खिडकीतून पाहून सोडून दिलं असेल. इथे एक तलाव आहे. रेल्वेने तो वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधला. ती इंजिनं गेली, तलाव राहिला. या रेल्वेवाल्यांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी एकदाच ठरवलं, दोन रुळांत अंतर साडेपाच फूट, आणि विषय मिटला. १८६३ साली गाडी बोरघाट चढली तेव्हा साडेपाच फूट, आजही साडेपाच फूट. माथेरानसाठी १९०७ मध्ये नेरळहून दोन फुटांचं बिऱ्हाड वेगळं मांडलं, पण तेही तेव्हापासून दोनच फुटांवर सुखाने नांदतं आहे. एखाद्या इंजिन ड्रायव्हरचा मुलगा उठून "बाबा, चाकं जरा रुंद घालूया, लुक येईल" असं म्हणाल्याची कुठे नोंद नाही.

आमच्याकडे म्हणाला.

चिरंजीवांनी जुनी जिप्सी घेतली तेव्हा ती एक साधी, गरीब स्वभावाची गाडी होती. पुढच्या वर्षभरात त्याने तिच्या अंगावर इतके दागिने चढवले की मूळची जिप्सी कुठली हे ओळखण्यासाठी आरसी बुक बघावं लागे. पुढे लोखंडी बंपर आला. टपावर दिवे आले. स्प्रिंगांत काहीतरी घालून गाडी दोन इंच उचलली गेली. आणि मग आले ते टायर. एकतीस इंच उंच, साडेदहा इंच रुंद. ते बसावेत म्हणून मूळच्या रिम काढून रुंद रिम आणल्या. गाडी फाटकातून आत आली तेव्हा शेजाऱ्यांचा कुत्रा, जो पोस्टमनलाही भीत नाही, तो पायरीखाली गेला.

त्यानंतर सहा महिन्यांत चिरंजीव नोकरीसाठी जर्मनीला गेले आणि गाडी माझ्या पदरात पडली. आता तिकडून फोनवर सांगतो, "बाबा, इथे कागदावर नसलेल्या साइजचा टायर घालायचा तर तपासणी करून नोंद करून घ्यावी लागते." हे तो कौतुकाने सांगतो. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा, १९८८, याचं ५२वं कलम हेच सांगतं, की कंपनीने दिलेला आणि आरसी बुकात लिहिलेला तपशील बदलेल असं गाडीत काही करायचं नाही. पण हे कलम समजायला त्याला जर्मनीला जावं लागलं.

असो. टायर झिजले. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, टायर झिजत त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर बाद. आमचे बरोबरीला आले होते. तेव्हा मी त्या कर्जतच्या दुकानात जाऊन ती फजिती करून घेतली आणि घरी येऊन अभ्यासाला बसलो.

टायरवर जे लिहिलेलं असतं ते वाचायला पंचांगवाल्याची दृष्टी लागते. आमच्या जिप्सीचा मूळचा टायर २०५/७० आर १५. यातले २०५ म्हणजे रुंदी, ती मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे कडेची उंची, ती मात्र रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचांत. फ्रेंच मोजमाप, सावकारी टक्के आणि इंग्रजी इंच एकाच ओळीत! मी हयातभर असा हिशेब कुणी पुढे केला असता तर लाल शाईने परत पाठवला असता. त्यापुढे आणखी ९६ एस असं लिहिलेलं असेल, तर ९६ म्हणजे एका टायरने ७१० किलो वजन पेलावं आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत टिकावं. आमच्या गल्लीतून बाहेर पडताना गाडी ताशी दहाने चालते, आणि म्हशी समोर आल्या तर त्यांच्या वेगाने. कडेला चार आकडी जन्मतारीखही असते. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मुलीचं वय विचारू नये म्हणतात, पण टायरचं जरूर विचारावं. दुकानात कोपऱ्यात पडून म्हातारे झालेले टायर पॉलिश करून उभे केलेले असतात.

मग मी बेरीज केली. मूळ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर. चिरंजीवांचा ७८७. म्हणजे चाकाची एक फेरी जवळजवळ अठरा टक्के लांब, आणि गाडीच्या मीटरला याचा पत्ताच नाही! मीटर पन्नास दाखवतो तेव्हा गाडी एकोणसाठने धावत असते. दोन वर्षं मी सौ.ला "बघ, मी चाळीसच्या वर जातच नाही" असं सांगत होतो ते सगळं खोटं ठरलं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मायलेज पडलं म्हणून मी मेकॅनिकला जे बोललो त्याबद्दल मात्र त्याची माफी मागितली.

साइजबद्दल सल्ला द्यायला गावात कोणी कमी नव्हतं. एक म्हणाले, आहे तीच घाला, वाघासारखी दिसते. दुसरे म्हणाले, आणखी मोठी घाला. हे गृहस्थ सायकलवर फिरतात. पंक्चरवाले चाचा तेवढे म्हणाले, "पुढचं चाक पूर्ण वळवलं की मडगार्डला घासतं, आवाज येत नाही का?" येत होता. मला वाटायचं, गाडीची ती सवयच आहे.

खरं सांगायचं तर मीही आहे तीच साइज घेणार होतो. पोराने हौसेने केलेलं. तो सुट्टीवर आला की आधी गाडीला हात लावून मग माझ्या पाया पडतो. त्याच्या माघारी त्याची गाडी बुटकी करायची म्हणजे त्याच्या खोलीतला पलंग हलवण्यासारखं.

पण आईचा प्रश्न होता.

आईचं वय ब्याऐंशी, गुडघे त्याहून मोठे. ती या गाडीत पाटावर चढून बसे. पाट ठेवायचा, मी एक हात धरायचा, सौ.ने मागून आधार द्यायचा, आणि "गणपती बाप्पा" म्हणून आत. दिवसाउजेडी याची गंमत वाटायची. गेल्या जुलैत एका रात्री दोन वाजता तिला दम लागला. बाहेर धो धो पाऊस. मी गाडी काढली, पाट ठेवला, आणि तिला पाय उचलवेना. तीनदा प्रयत्न केला. पाट ओला, तो सरकला. ती तशा अवस्थेत मलाच म्हणाली, "राहू दे रे, सकाळी बघू." शेवटी शेजाऱ्यांना उठवलं. त्यांच्या ओम्नीत ती बसली ती आपली आपण, देवळाच्या पायरीवर बसावं तशी. कर्जतच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सकाळपर्यंत ठेवून घेतलं. पित्तच निघालं. पण ओम्नीच्या मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला मी काही पित्ताचा विचार करत नव्हतो. दारात एक वाघ उभा करून ठेवलाय आणि म्हातारीला न्यायला शेजाऱ्यांची ओम्नी, हा हिशेब कुठल्या शाईने तपासायचा?

ठरलं. मेकॅनिक म्हणाला, अगदी मूळची नको, २१५/७५ आर १५ घ्या. बोलेरोची साइज आहे, कर्जतला कुठेही मिळेल. व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. मीटरची लबाडी पाच टक्क्यांवर येते, तेवढी संसारात चालते. स्प्रिंगांतलं ते दोन इंचांचं प्रकरणही काढायचं; नाहीतर लहान टायरवर गाडी धोतर खोचून ओढा ओलांडणाऱ्या माणसासारखी दिसली असती. टायरचे दीडेक आणि स्प्रिंगांचे दोन मिळून गाडी साडेतीन इंच खाली येणार होती. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन. मी यात फार खोल गेलो नाही, पण बरं वाटलं.

अडचण एकच. हे टायर त्या रुंद रिमवर बसत नाहीत, मूळच्या रिम हव्यात. आणि मूळच्या पाच रिम घरभर पांगल्या होत्या. दोन माळ्यावर सापडल्या. एकीवर सौ.ची तुळस होती. ती तुळस हलवायला द्वादशीपर्यंत थांबावं लागलं. एक शेजाऱ्यांच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून. पाचवी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारात, आणि तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिला एकवीस दिवस उठवायचं नाही असा आईचा हुकूम झाला. म्हणून आमची गाडी तीन आठवडे स्टेपनीशिवाय फिरली.

चिरंजीवांना फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग फोन आला. "आजी चढली?"

"चढली. पाटाशिवाय."

"मग माझे टायर?"

"तुझ्या खोलीत ठेवलेत. पलंग थोडा हलवावा लागला."

त्या रविवारी आईला घेऊन कर्जतला निघालो. ती दाराची मूठ धरून एका दमात आत बसली, पदर नीट केला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तलावाच्या बाजूने जाताना तिने मान उंच करकरून पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"अरे, आधी इथून पाणी दिसायचं."

"गाडी खाली आली ना, आई."

"मग तो पाट आण," ती म्हणाली, "सीटवर ठेवायला."