नाक जड असावं

मेहकरच्या स्टेशनरीच्या दुकानात फोमबोर्ड मागितला की बहुतेक वेळा समोर सनबोर्ड येतो. दोन्ही पांढरे, दोन्ही पाच मिलिमीटर जाड, दोन्ही शाळेच्या प्रोजेक्टला चालतात. विमानाला मात्र एकच चालतो. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. त्याचा वीस बाय तीस इंचांचा तुकडा जवळपास किलोभर भरतो. फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मध्ये थर्माकोलच्या जातीचा हलका फेस. अमेरिकेतली हौशी मंडळी ज्या स्वस्त बोर्डाची विमानं करतात, त्याचा तेवढाच तुकडा साधारण ११५ ग्रॅमचा असतो. आपल्याकडचा थोडा जड निघतो, पण दोन्ही ताव दोन हातांत धरले की शंका उरत नाही. पहिला धडा तिथेच, काउंटरवर मिळाला: आधी वजन बघायचं, बाकीचं नंतर.

डोणगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सोल्डरिंग, बॅटरी, बारीक स्क्रू यांत माझा दिवस जातो. भाचा नववीत. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर कॅप्टन अमोल यादव यांचं वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलेलं आहे. मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारा हा वैमानिक. ते विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. भाच्याचं म्हणणं सरळ होतं, “मामा, गच्चीवर खरं विमान होते, तर आपल्या घरात एवढूसं का नाही होणार?” ड्रोन घेऊन देतो म्हटलं तर नको म्हणाला. ड्रोनला त्याचं यंत्र सावरतं, विमान आपण सावरायचं असतं, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मला वाटलं होतं, यात अवघड भाग इलेक्ट्रॉनिक्सचा असेल आणि तो तर माझ्या रोजच्या हातचा. झालं उलटं. तारा मला कळल्या. कागद आणि हवा कळेना.

तारांचं आधी सांगतो, कारण ते लवकर उरकतं. नवशिक्यांसाठी सर्रास वापरली जाणारी मोटर म्हणजे ए२२१२, १००० केव्ही. इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मोटर रिकामी किती फेरे घेते तो आकडा. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे मोकळ्या मोटरचे मिनिटाला अकरा हजार फेरे. मोटरला तीन तारा. पहिल्यांदा चालवली तेव्हा उलटी फिरली आणि मी मुळीच गोंधळलो नाही. विहिरीवरची थ्री फेज मोटर उलटी फिरली की तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करतात, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इथेही तेच केलं. बॅटरीने मात्र मला जपून वागायला लावलं. मोबाइलची बॅटरी एक-दोन अँपिअरवर जगते. ही २२०० मिलिअँपिअर-तासांची, वर २५सी लिहिलेली, म्हणजे कागदोपत्री ५५ अँपिअर देऊ शकणारी. तारांचा चुकून स्पर्श झाला तर ठिणगी नाही, आग. भरताना प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही, वापरताना तीनच्या खाली नाही, आणि पडून राहणार असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा. टेबलावर चाचणी करताना पंखा काढूनच ठेवायचा, हा नियम मी भाच्याकडून पाठ करून घेतला. दहा इंची पंखा एवढ्या वेगात बोटावर आला तर काय होईल, ते बोलायची गरज पडली नाही.

आता कागद. फोमबोर्ड कापणं म्हणजे तीन वेगवेगळी कामं आहेत. आरपार कापायचं असेल तर तीन हलक्या चिरा, एकात जोर नाही. दुमडायचं असेल तर वरचा कागद आणि फेस कापायचा, खालचा कागद अखंड ठेवायचा. आणि हलणाऱ्या भागाची बिजागरी करायची असेल तर फेसाची कड पंचेचाळीस अंशांत तासायची, म्हणजे खालचा कागदच बिजागरी होतो. कटरचं पातं थोडंही बोथट झालं की फेस कापला जात नाही, फाटतो, त्याचे दाणे निघतात. पात्याचं टोक मोडून नवं पुढे करायला कंजूषपणा करू नये. ग्लू गनचा गोंद पटकन धरतो, पण आमच्या उन्हात तो पुन्हा मऊ पडतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या विमानाचा सांधा आपोआप सुटतो. म्हणून मोटरच्या फळीसारख्या ताणाच्या जागी आम्ही बांबूच्या बारीक काड्या आरपार घातल्या आणि वरून चिकटपट्टी फिरवली. शेपटीपर्यंत जाणारे दांडे सायकलच्या स्पोकचे.

पंखाचा आकार कसा असावा, यावर तर माझं डोकं काम करेना. विमानाचा पंख वरून फुगीर असतो हे शाळेत शिकलो होतो. पण व्हिडिओंमध्ये एक पंख असा दिसला की बोर्डावर दुसऱ्या बोर्डाची अर्ध्यापर्यंतच पट्टी चिकटवलेली, मध्येच पायरी. हे उडतं कसं? शोधल्यावर कळलं की हा क्लाइन-फोगलमन पंख. रिचर्ड क्लाइन या माणसाने कागदी विमान घड्या घालता घालता तो शोधला आणि फ्लॉइड फोगलमनसोबत १९७२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. मोठ्या विमानांना त्याचा फायदा झाला नाही. पण लहान, सावकाश उडणाऱ्या फोमच्या विमानाला तो पुरतो, करायला सोपा आणि ताठ. आम्ही तोच घेतला: एक मीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद. मध्ये घडी घालून दोन्ही टोकं पाच-सहा सेंटिमीटर वर उचलली. ही उचल शोभेची वाटली होती. तिच्याविना आमचं विमान वळूच शकलं नसतं, कारण पंखावर हलणारे भाग आम्ही ठेवलेच नव्हते. शेपटीचं सुकाणू वळवलं की विमान जरा तिरकं होतं, पुढे आलेल्या बाजूच्या उचललेल्या पंखाखाली वारा जास्त कोनात लागतो, ती बाजू वर जाते आणि विमान झुकून वळतं. हे वाक्य मी आता लिहितोय एवढ्या सहज मला ते कळलेलं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा हातात धरून, पंख्यासमोर तिरपा करून बघत बसावं लागलं.

सगळं जोडून वजन सुमारे साडेसहाशे ग्रॅम. त्यात एकटी बॅटरीच पावणेदोनशेच्या घरात. एवढं वजन, एवढा पंख, म्हणजे ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या खाली वेग गेला की पंख वजन पेलणार नाही, असा हिशेब निघाला. सायकल जोरात मारली तर गाठता येईल असा हा वेग. तो आकडा बघून धीर आला.

सोयाबीनची सोंगणी होऊन मळणी उरकली होती. गावापासून दूर, विजेच्या तारा आणि समृद्धी महामार्ग दोन्हीपासून लांब असं वावर आम्ही निवडलं. नियमही आधी वाचले होते. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे, आणि ‘डिजिटल स्काय’च्या नकाशात हिरव्या भागात १२० मीटरपर्यंतचं आकाश मोकळं आहे. सकाळी वारा नसतो, तेव्हा मोटर न चालवता नुसतं हाताने फेकून बघायचं ठरलं. धुऱ्यावर उभं राहून मी ते कुटाराच्या ढिगाकडे सोडलं. विमानाने नाक वर केलं, हवेत क्षणभर थांबलं आणि शेपटीवर खाली बसलं. पुन्हा तसंच. मी पंखाचा कोन तपासला, शेपटीचा तपासला, सगळं नकाशाबरहुकूम होतं. भाचा माझ्याकडे बघत होता आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

शेजारच्या वावरातले आबा तुरीच्या ओळींतून चालत आले. विमान त्यांनी हातात घेतलं नाही, नुसतं एकदा फेकलेलं पाहिलं. म्हणाले, “हे तर उलाळ होऊन राह्यलं, बाबू. मांगं वजन झालं का गाडी उलाळ होते, मंग बैलाच्या मानेवर जू राह्यत नाही. सामान पुढं सरकव.”

आयुष्यभर बैलगाडी भरलेला माणूस. विमानाच्या पुस्तकात ज्याला गुरुत्वमध्य म्हणतात आणि हौशी लोक सीजी, त्याचा दोष त्यांनी एका फेकीत ओळखला. मी पंखाखाली दोन बोटं धरली. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच-सहा सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या पाव भागाच्या जरा मागे, विमान सपाट तोललं जायला हवं. आमचं मागे कलत होतं. बॅटरी पुढे नाकात ढकलली, तिथे वेलक्रोने घट्ट केली आणि बोटांवर विमान किंचित नाक खाली करून थांबलं.

आबा गेल्यावर मी हाच विचार करत राहिलो की नाक जड असलेलं विमान खाली का पडत नाही. उत्तर शेपटीत आहे. शेपटीची आडवी पट्टी विमानाला वर उचलत नाही, ती मागचा भाग खाली दाबून धरते, आणि तो दाब वेगावर अवलंबून असतो. वेग कमी झाला की दाब कमी, मग जड नाक आपोआप खाली येतं, विमान उतरणीला लागतं, वेग वाढतो, दाब वाढतो, नाक पुन्हा वर. कुणी हात न लावता ते स्वतःला सावरतं. फ्रान्सच्या अल्फोन्स पेनो या तरुणाने हे पॅरिसच्या त्विलरी बागेत १८ ऑगस्ट १८७१ रोजी लोकांसमोर करून दाखवलं होतं. रबराच्या पिळावर चालणारं त्याचं छोटं विमान अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेलं, आणि त्यात चालक नव्हता की रेडिओ नव्हता. त्यालाही टोकं उचललेले पंख होते आणि मागे खाली दाबणारी शेपटी होती. राइट बंधूंच्या तीस-एक वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्या वावरात जे चाललं होतं त्याचं मूळ तिथे आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. मी इंजिनाच्या जोरावर उडणारी वस्तू बनवायला निघालो होतो, आणि हातात आलं ते मोटरशिवायही उडू बघणारं काहीतरी.

बॅटरी पुढे घेतल्यावरची फेक सरळ गेली. लांब, उथळ, कुटारावर अलगद. भाचा धावत जाऊन घेऊन आला.

मग मोटर. रेडिओचा पल्ला आधी जमिनीवर चालून तपासला. आजचे २.४ गिगाहर्ट्‌झचे रिमोट आपापल्या रिसीव्हरशी जोडले जातात, शेजारच्याचा सिग्नल त्यात घुसत नाही. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं आपलं रेडिओ-विमान घेऊन १९३८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा व्हॅक्यूम ट्यूब आणि जड बॅटऱ्या उचलायला त्यांना आठ फुटी पंख लागला होता. आमचा रिसीव्हर काडेपेटीपेक्षा हलका. वाऱ्याकडे तोंड करून, नाक वर न करता, सपाट फेकायचं, हे ठरलेलं. भाच्याने फेकलं, रिमोट माझ्याकडे.

ते गेलं. आणि लगेच डावीकडे झुकायला लागलं. पंखा एका बाजूला फिरतो तेव्हा विमानाला उलट्या बाजूला पीळ बसतो, हे वाचलेलं होतं, बोटांना ठाऊक नव्हतं. उजवं सुकाणू दिलं, सावरलं. तुरीवरून वर गेलं, वळलं, आमच्याकडे यायला लागलं. आणि इथे माझा मेंदू अडला. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की त्याचं डावं आपलं उजवं होतं. मी उजवीकडे दांडी सारली, ते माझ्या डावीकडे गेलं. भाचा मोबाइलवरच्या सिम्युलेटरवर तासन्‌तास बसलेला, तो ओरडला, “मामा, जो पंख खाली दिसते त्याच्याकडे दांडी!” खाली गेलेल्या पंखाच्या बाजूला दांडी न्यायची, की तो वर येतो. एवढंच धरून राहिलो. मोटर कमी केली आणि विमान आपल्या आपण उतरणीला लागलं. शेवटी तुरीच्या शेंड्यांत जाऊन थांबलं. पंख शाबूत, नाकाचा कागद फाटला, पंख्याचं एक पातं गेलं.

त्यानंतर रिमोट भाच्याकडे गेला आणि तो माझ्यापेक्षा फार चांगलं उडवतो. आबा धुऱ्यावर बसून बघतात, कधीतरी विमान उचलून त्याचं नाक बोटावर तोलून परत देतात. भाच्याच्या वर्गातली दोन पोरं बोर्डावर साचे गिरवायला येतात. त्यांना मी आधी वजनकाटा देतो, कटर नंतर.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. थ्रॉटल वाढवला की शेपटीला हात न लावताही विमान नाक वर करतं आणि चढायला लागतं. मोटर पंखाच्या खाली बसवलेली, तिचा ओढा वजनाच्या मध्याखालून जातो म्हणून असेल, की वेग वाढल्यावर शेपटीचा दाब वाढतो म्हणून? जाणकार सांगतात, मोटर दोन-तीन अंश खाली झुकवावी. येत्या रविवारी फळीच्या वरच्या दोन स्क्रूंखाली एकेक वॉशर घालणार आहे, मग एकच गोष्ट बदलून काय होतं ते नीट दिसेल.