थंड पॅड, तापलेला पॅड

ब्रेक पॅड म्हणजे पोलादी पाटीवर पक्का बसवलेला घर्षणद्रव्याचा ठोकळा. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधले पिस्टन सरकतात, दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडीच्या गतीची उष्णता होते. ती किती होणार हे वेगाच्या वर्गावर ठरते. चालकासह १,४०० किलो भरणारी, पोर्शे केमनच्या वर्गातली एखादी गाडी शहरात ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर साधारण १ लाख ९४ हजार ज्यूल उष्णता निघते. तीच गाडी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी २०० वरून ८० वर आणली, तर १८ लाख. साडेपाच लिटर पाणी घरच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेईल एवढी ही उष्णता तीन-चार सेकंदांत तयार होते आणि तिचा सुमारे ७० टक्के वाटा पुढची दोन चाके सोसतात. पुढची डिस्क आठ किलोची धरली, तर एकाच ब्रेकिंगमध्ये ती दीडशे अंशांहून जास्त तापते. ती निवण्याआधीच पुढचे वळण आलेले असते. रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींसाठी एकच पॅड शोधणाऱ्याने आधी हे अंतर नीट समजून घ्यावे.

पॅडच्या ठोकळ्यात तंतू, धातूची भुकटी, घर्षण मवाळ करणारे ग्रॅफाइट आणि खरवडणारे कठीण कण असतात. हे सगळे धरून ठेवते ते फिनॉलिक रेझिन. अडचण बहुतेक वेळा या धरून ठेवणाऱ्या द्रव्यापाशीच येते. १८८८मध्ये बर्था बेन्झ मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. उतारांवर लाकडी ब्रेक झिजत चालले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका मोच्याकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. कातड्याच्या जागी पुढे अ‍ॅस्बेस्टॉस आले, तेही आरोग्यापायी गेले, रेझिनची मिश्रणे सुधारत गेली. पण ठरावीक तापमानापलीकडे द्रव्य जळते ही मर्यादा कातड्यापासून आजतागायत सुटलेली नाही. रेझिन जळू लागले की त्याचा वायू पॅड आणि डिस्क यांच्या मध्ये शिरतो. पेडल नेहमीसारखे कडक लागते, पाय पूर्ण जोर लावतो, आणि गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. याला फेड म्हणतात. खंडाळ्याचा घाट गिअरवर न उतरवता ब्रेकवर उतरवणाऱ्या चालकाला जो जळका वास येतो, ती याच प्रकाराची पहिली सूचना असते.

बाजारात पॅड ऑरगॅनिक, सिरॅमिक आणि सेमी-मेटॅलिक अशा नावांनी मिळतात. ऑरगॅनिक पॅड शांत आणि मऊ असतो आणि ट्रॅकवर लवकर हार मानतो. सिरॅमिक पॅड धूळ कमी करतो आणि रोजच्या गाडीला शोभतो. महागड्या गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्याचा काही संबंध नाही, केवळ नाव सारखे आहे. स्पोर्ट्‌स कारच्या कामाचे बहुतेक पॅड धातूचे प्रमाण जास्त असलेले असतात. मात्र या नावांवरून निवड करणे फारसे उपयोगाचे नाही. एकाच नावाखाली इतकी वेगळी मिश्रणे विकली जातात की पॅडचे खरे वर्णन त्याच्या तापमानाच्या आलेखातच सापडते.

हा आलेख वाचताना बहुतेकांची नजर उजव्या टोकावर जाते: पॅड किती अंशांपर्यंत टिकतो? रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी डावे टोक जास्त महत्त्वाचे आहे. सकाळी सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर पडते, शंभर पावलांवर सायकलवरचे मूल आडवे येते. त्या क्षणी डिस्क पुरती थंड असते आणि पावसाळ्यात ओलीही. शर्यतीसाठी बनवलेल्या अनेक पॅडना पुरेशी पकड यायला दीड-दोनशे अंश तापमान लागते. शहरात तेवढे तापमान क्वचितच चढते. असा पॅड थंडपणी ब्रेक धरत नाही असे नाही, पण नेहमीच्या जोराने पाय दाबला तर गाडी अपेक्षेपेक्षा काही हात पुढे जाते. ट्रॅकवर ७०० अंशांना शाबूत राहणारा पॅड त्या सायकलसमोर कुचकामी ठरू शकतो. ज्या गाडीचे वर्षातले तीन-चार दिवसच ट्रॅकवर जातात, तिच्या पॅडची पहिली परीक्षा थंड डिस्कवर, पहिल्या दाबाला घ्यावी. त्यात कमी पडणारा पॅड बाकी कितीही गुणी असला तरी रस्त्यासाठी बाजूला ठेवावा. इथे तडजोडीला जागा नाही.

पॅडच्या कडेवर कधीकधी दोन अक्षरे छापलेली असतात. ही अमेरिकी खूण आहे. पहिले अक्षर कमी तापमानातल्या घर्षणांकाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेतले. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही चाचणी पॅडच्या इंचभर तुकड्यावर होते आणि ट्रॅकवरच्या तापमानाच्या बरीच अलीकडे थांबते. म्हणून एफएफ छापलेले दोन पॅड ५०० अंशांना अगदी निराळे वागू शकतात. युरोपातला आर ९० हा नियम जास्त उपयोगी आहे. त्यानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असावी लागते. अस्सल शर्यतीच्या पॅडवर या नियमाची खूण सहसा नसते, कारण थंड डिस्कवर तो मूळ पॅडसारखा वागत नाही.

घर्षणांक जितका जास्त तितका ब्रेक चांगला, ही समजूतही सोडून द्यावी. चाक अडकण्याच्या काठापर्यंत नेण्याइतका जोर मूळ पॅडही थंडपणी देतो. त्यापुढे गाडी किती लवकर थांबेल हे टायर ठरवतात. पॅडने द्यायची गोष्ट म्हणजे भरवसा. शंभर अंशांना आणि साडेचारशे अंशांना पायाखाली तेच पेडल लागले पाहिजे, आणि जोर कमी करताना ब्रेक तितक्याच हळुवार सुटला पाहिजे. ठळक आकड्याच्या पण चढउतारी आलेखाच्या पॅडपेक्षा थोडा कमी, पण सपाट आलेखाचा पॅड केव्हाही बरा.

नवा पॅड बसवला की तो डिस्कवर बसवून घ्यावा लागतो. चढत्या जोराने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवायचा आणि मग ब्रेक न वापरता गाडी निवू द्यायची. यात पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो, आणि पुढचे बरेचसे घर्षण पॅड आणि हा थर यांच्यात होते. थर विषम बसला की पेडल आणि स्टिअरिंग थरथरू लागते. गॅरेजमध्ये लगेच निदान होते: डिस्क वाकडी झाली. अमेरिकी रेस इंजिनिअर कॅरल स्मिथ यांनी ठासून सांगितले की अशा बहुतेक डिस्क वाकलेल्या नसतातच. त्यांच्यावर पॅडचे द्रव्य ठिपक्याठिपक्यांनी चिकटलेले असते. हे ठिपके फार तापले तर खालच्या लोखंडात सिमेंटाइट नावाचे कठीण संयुग तयार होते आणि मग डिस्क घासूनही थरथर परत येते. म्हणून ट्रॅकवरून आत आल्यावर तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून थांबू नये, हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला अडण लावावी.

पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले, तर दोष पॅडचा नसून बहुधा ब्रेक ऑइलचा असतो. ते उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो. डॉट ४ ऑइल ताजे असताना किमान २३० अंशांना आणि पाणी शोषल्यावर १५५ अंशांना उकळावे असे प्रमाण आहे, डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. हे ऑइल हवेतली ओल ओढते, त्यामुळे मुंबई-कोकणचा एक पावसाळा काढलेले ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊ नये. ताजे असताना ३०० अंशांच्या वर उकळणारे ऑइल भरून हवा नीट काढून घेतली, तर पुष्कळदा पॅड बदलण्याची गरजच उरत नाही. खर्चही कमी. पहिल्या ट्रॅक दिवसाआधी एकच काम करायचे असेल, तर ते हे. पॅड स्वतः उष्णतेचा अडसरही असतो. तो झिजून अर्धा झाला की पिस्टनकडे आणि ऑइलकडे जास्त उष्णता पोचते. अर्ध्याहून कमी उरलेला पॅड ट्रॅकवर नेऊ नये.

पुढचे-मागचे पॅड एकाच कुटुंबातले घ्यावेत. मागे जास्त पकडीचा पॅड पडला तर जोरात ब्रेक लावताना मागची चाके आधी सुटू पाहतात आणि गाडी फिरते.

ट्रॅकचा स्वभावही पाहावा. बुद्ध सर्किटची फेरी ५.१२५ किलोमीटरची, तिथे एकेक ब्रेकिंग प्रचंड, पण सरळ पट्ट्यावर डिस्कला वारा मिळतो. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. वेग कमी, पण दोन ब्रेकिंगमधली उसंतही कमी. अंदाजापेक्षा मोजलेले बरे. डिस्कच्या कडेला तापमानाचा रंग लावता येतो: हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला बदलतो. दिवसअखेर फक्त हिरवा बदलला असेल, तर फेरोडो डीएस २५०० सारखा मधल्या पट्टीतला पॅड पुरेल. लालही बदलला असेल, तर एकाच पॅडचा हट्ट सोडावा.

मग दोन जोड बाळगावे लागतात. पुण्याहून कोइंबतूर किंवा चेन्नईचा ट्रॅक हजार-बाराशे किलोमीटरांवर. ही वाट रस्त्याच्या पॅडवर काटावी आणि पॅजिड आरएस २९ सारखा ट्रॅकचा जोड डिकीत ठेवावा. फिक्स्ड कॅलिपर असेल तर चाक काढून, पिन ओढून पॅड बदलता येतात. जुन्या पॅडचा थर डिस्कवर असल्याने पहिल्या काही किलोमीटरांत नवा जोड गोंधळल्यासारखा वागतो. त्याला पुन्हा बसवून घ्यावे आणि तोवर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे. परतताना हेच उलट्या क्रमाने. काढलेले पॅड डावा, उजवा, आतला, बाहेरचा अशी खूण करून ठेवावेत, आणि ठेवण्याआधी दोन्ही टोकांची जाडी मोजून त्याच पाटीवर लिहावी.