किल्ली कोणापाशी?

आमच्या गावाचे नाव संगणकाच्या हिशेबात १५ बाइटांचे भरते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि 'वडनेर'मध्ये चार अक्षरे व एक मात्रा. एईएस हे २००१ साली अमेरिकेत प्रमाण ठरलेले कूटलेखन मात्र १६ बाइटांचा ठोकळा एकदम उचलते. एक बाइट कमी पडतो. तो भरतीचा घालावा लागतो. मराठीच्या प्राध्यापकाने असले हिशेब का करावेत, हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्येही विचारून झाला आहे.

कारण साधे आहे. काही वर्षे मी आसपासच्या कापूस पिकवणाऱ्या घरांतील बायकांची निवेदने टिपून घेतो आहे. त्यांत सावकारीचे आकडे आहेत, घरातल्या मृत्यूंविषयी पोलिसांना न सांगितलेले तपशील आहेत. "सर, माह्यं नाव कुठी लिहू नोका बरं," असे प्रत्येकीने बजावले. पण नाव, नाते, गाव काढून टाकले की निवेदनाचा अर्थच निसटतो. तेव्हा नावे ठेवायची आणि मजकूर कुलूपबंद करायचा, एवढाच मार्ग उरला.

पायथन भाषेत यासाठी 'क्रिप्टोग्राफी' याच नावाची लायब्ररी मिळते. तिच्या खालच्या थरातील साधनांना तिच्या कर्त्यांनी 'हॅझमॅट', म्हणजे धोकादायक माल, असे नाव दिले आहे. हा इशारा मला फार आवडला. त्या थरात 'ईसीबी' नावाची एक रीत आहे: तोच ठोकळा आणि तीच किल्ली असली की उत्तरही तेच. गावाचा रकाना असा स्वतंत्रपणे कूटबद्ध केला, तर 'वडनेर' प्रत्येक ओळीत एकाच सोंगात उभे राहील. कुलूप न तोडता, नुसत्या मोजणीने कोणीही सांगेल की सर्वाधिक वेळा आलेले ते सोंग वडनेरचे.

येथे मला महानुभावांची सकळ लिपी आठवते. चौदाव्या शतकात रवळोबासांनी ती सिद्ध केली असे मानतात. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह, ही तिची रीत. अनधिकाऱ्याच्या हाती धर्मग्रंथ पडू नयेत हा हेतू; परिणाम असा की 'लीळाचरित्र' कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ठाऊकच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी या लिपीचा उलगडा केला, आणि पुढे नेने, कोलते यांच्या संपादनांमुळे मराठी गद्याचा आरंभ आपण वर्गात शिकवू लागलो. अदलाबदलीच्या लिपीत अक्षरांची वारंवारता लपत नाही. ती दुबळी होती, हे मराठी वाङ्मयाचे भाग्यच म्हणायचे.

माझ्या फायलींना ते भाग्य नाही. त्याच लायब्ररीच्या वरच्या थरातले 'फर्नेट' मी वापरतो. ते दर वेळी एक नवा यादृच्छिक आरंभ-अंक घेते, त्यामुळे तोच मजकूर दोनदा कूटबद्ध केला तरी रूप निराळे येते. कोणी मध्येच अक्षर बदलले तर तेही उघडकीस येते. हा आरंभ-अंक लपवावा लागत नाही. पद्धतही जगजाहीर आहे. गुप्त राहायची ती फक्त किल्ली, हे तत्त्व केर्कहॉफ्स या भाषापंडिताने १८८३ सालीच मांडले होते. आणि १२८ बिटांच्या किल्ल्यांची एकूण संख्या ३९ अंकी आहे. किल्ली हरवली तर पुढच्या शतकातला कोणी राजवाडे नुसत्या व्यासंगाच्या बळावर या निवेदनांपर्यंत पोचेल, ही आशा मी धरत नाही.

मग किल्ली ठेवायची कोणापाशी? महाविद्यालयाकडे द्यावी तर उद्या तेथे कोण असेल सांगवत नाही. माझ्यापाशी ठेवावी तर निवेदन त्यांचे आणि मालकी माझी, असे होते. महानुभावांत ती गुरूकडून शिष्याकडे जाई; येथे गुरू कोण आणि शिष्य कोण? शेवटी प्रत्येकीच्या निवेदनाला स्वतंत्र किल्ली केली, ४४ चिन्हांची ती रोमन ओळ मोठ्या टंकात छापली, आणि जिची तिला नेऊन दिली. प्रत माझ्याकडे ठेवली नाही. एकीने ती चिठ्ठी सातबाऱ्याच्या पिशवीत घातली. एकीने हिंगणघाटला दिलेल्या लेकीकडे पाठवली. तिसरीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "आन् म्या हे चुलीत टाकलं तं?" तर ते कोणालाच कधी वाचता येणार नाही, मलासुद्धा, असे मी सांगितले. तिने चिठ्ठीची घडी घातली आणि ती कनवटीला लावली.