मीटरमधली चकती

शेवगावच्या आमच्या घरी दाराच्या वर काळा मीटर होता. काचेआड ॲल्युमिनियमची चकती आडवी फिरायची आणि तिच्या कडेवरची खूण समोर येण्याची वाट पाहणं हा माझा संध्याकाळचा उद्योग. साठचा एकच बल्ब लागलेला असला, की सावकाश शंभर आकडे मोजेपर्यंत एक फेरा व्हायचा. मीटरवर लिहिलेलं होतं, ६०० फेऱ्यांना एक युनिट. युनिट म्हणजे काय, असं वडिलांना विचारलं. "ज्याचं बिल येतं ते," ते म्हणाले.

मागच्या अंगणात त्याच वेळी आई आडाचं पाणी शेंदत असायची. दहा लिटरचा पोहरा, चाळीस फूट दोर, कप्पीची कुरकुर. ही कुरकुर आणि ती चकती एकाच हिशेबातल्या आहेत, हे कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

कॉलेजात जूल शिकलो. १८४५ च्या सुमारास जेम्स जूल यांनी वजनं खाली सोडली, त्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किंचित तापलं. वजन उतरताना जे देतं, ते मोजता आलं. सूत्र पाठ झालं, मार्क मिळाले. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायला लागलो आणि एका मुलाने माझाच जुना प्रश्न विचारला: "सर, युनिट म्हणजे काय?"

त्याला सूत्र कसं सांगणार? मी कांदा आणला, शंभर ग्रॅमचा. जमिनीवरून मीटरभर वर उचलायला लावला. एवढं काम म्हणजे जवळजवळ एक जूल. प्रत्येकाने उचलून पाहिला. मोजमाप हाताला कळलं पाहिजे, असं मला अजूनही मनापासून वाटतं. एका युनिटला असे ३६ लाख जूल. पण ३६ लाख कोणत्या मुलाला दिसणार? तेव्हा मला आड आठवला.

दहा किलो पाणी, बारा मीटर उंची: साधारण १,२०० जूल. फळ्यावर भागाकार केला आणि खडू हातातच राहिला. जुन्या चकतीचा एक फेरा म्हणजे सहा हजार जूल, म्हणजे पाच पोहरे. शंभर आकड्यांत पाच. मी ज्या उजेडात पाढे म्हणत होतो, त्याला लागणाऱ्या ताकदीसाठी दर वीस सेकंदांना एक पोहरा वर यायला हवा होता. पोहरा खाली सोडायचा वेळ धरला, तर आईसारख्या दोघीजणी पाळीपाळीने, न थांबता.

पोहऱ्याचा हा हिशेब उलटाही चालतो. आमच्या तालुक्याला लागून नाथसागर जलाशय आहे. पैठणला त्याचं पाणी खाली पडताना वीज देतं. आमच्या मोटारी ती घेऊन पाणी वर चढवतात. मुलांना हे लगेच पटतं.

शाळेच्या नव्या मीटरला चकती नाही, लाल दिवा लुकलुकतो. त्यावर लिहिलंय, ३२०० लुकलुकींना एक युनिट. भागून पाहिलं: एका लुकलुकीला १,१२५ जूल. जवळजवळ एक पोहरा! वर्गाला मीटरखाली नेलं, आईची गोष्ट सांगितली. एक पंखा लावला: पंधराएक सेकंदांनी लुकलुक, आणि सगळे ओरडले, "पोहरा!" मग चारही पंखे लावले. ओरडायला उसंत मिळेना. पुढे उभी असलेली एक मुलगी मात्र गप्प झाली.

"सर," ती म्हणाली, "आता तुमच्या आईला दम लागला असेल."