विमान उतरल्यावर सुरू होणारा सिनेमा

विमानाचं वेड असलेली चार माणसं एकत्र बसली की बोलणं फिरून फिरून सिनेमावर येतं, आणि सिनेमावर आलं की भांडण ठरलेलं. आमच्या पार्ल्यातल्या गटात हे भांडण एक पिढी उलटली तरी मिटलेलं नाही. एका बाजूला ‘एअरपोर्ट’वाले, दुसऱ्या बाजूला ‘सली’वाले. एकांचं म्हणणं, पूर्वीच्या सिनेमात गोष्ट होती. दुसऱ्यांचं म्हणणं, गोष्ट होती पण विमान कुठे होतं? मी दोन्हीकडे बसून पाहिलं आहे. मला जाणवणारा फरक मात्र काटे, बटणं आणि पंखांच्या आकाराचा नाही. तेव्हा विमान खाली उतरलं की सिनेमा संपायचा. आता उतरलं की सुरू होतो.

आर्थर हेलीच्या कादंबरीवरचा ‘एअरपोर्ट’ १९७०चा. आमच्यापैकी थोरल्यांनी तो फोर्टातल्या थिएटरात पाहिला, आम्ही धाकट्यांनी पुढे भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर, मधूनमधून पडद्यावर मुंग्या येत असताना. बर्फाचं वादळ, धावपट्टीच्या तोंडाशी रुतून बसलेलं एक बोइंग ७०७, आणि तिकडे हवेत दुसऱ्या ७०७मध्ये बॅगेत बॉम्ब घेऊन बसलेला एक खचलेला माणूस. फुकट प्रवास करणाऱ्या म्हातारीच्या भूमिकेसाठी हेलन हेजला ऑस्कर मिळालं. पण आमचा हिरो ती नव्हती, बर्ट लँकेस्टर किंवा डीन मार्टिनही नव्हता. आमचा हिरो होता जॉर्ज केनेडीने रंगवलेला मेकॅनिक जो पत्रोनी. तोंडात चिरूट धरून तो रुतलेल्या ७०७च्या कॉकपिटमध्ये बसतो, चारही इंजिनं तापवतो आणि सगळे नको नको म्हणत असताना विमान बर्फातून उपटून काढतो. विमान म्हणजे पायलट, एवढंच ठाऊक असलेल्या पोरांना त्याने शिकवलं की विमान जमिनीवरच्या माणसांचंही असतं. तिथे वापरलेलं ७०७ खरं होतं. तेच विमान पुढे मालवाहू झालं आणि मार्च १९८९मध्ये ब्राझीलमध्ये साओ पाउलोजवळ वस्तीवर कोसळलं. ही माहिती हाती आल्यापासून मला तो सिनेमा पूर्वीसारखा निर्धास्तपणे पाहता आलेला नाही.

पुढचे भाग मात्र सुटलेच. ‘एअरपोर्ट १९७५’मध्ये एक लहान विमान ७४७च्या कॉकपिटला धडकतं, हवाई सुंदरी विमान सांभाळते आणि हेलिकॉप्टरमधून दोरीने लोंबकळत आलेला चार्ल्टन हेस्टन त्या भगदाडातून आत शिरतो. हेलिकॉप्टरच्या वेगाला ७४७ हवेत टिकेल कसं, आणि त्या वाऱ्यात माणूस दोरीला सरळ लटकेल कसा, यावर आमच्याकडे वह्या भरतील एवढी चर्चा झाली आहे. १९७७च्या भागात ७४७ समुद्राच्या तळाशी जाऊन बसतं, १९७९च्या भागात काँकॉर्ड क्षेपणास्त्र चुकवतं. आणि आवाज! कुठलंही विमान खाली येऊ लागलं की दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन स्टुका बाँबरचा भोंगा वाजायचा. तो भोंगा स्टुकावर शत्रूला घाबरवण्यासाठी मुद्दाम बसवलेला असे. प्रवासी जेटला असा भोंगा नसतो. तरी हॉलिवुडने तो वर्षानुवर्षं वाजवला आणि आमचे कान त्यालाच अपघाताचा आवाज समजत राहिले. १९८०च्या ‘एअरप्लेन!’ने जेट विमानाला पंख्याच्या विमानाचा आवाज देऊन या सगळ्या प्रकाराची रेवडी उडवली, आणि त्यानंतर बरीच वर्षं कुणाला गंभीरपणे असा सिनेमा काढायचं धाडस झालं नाही.

हे सगळं पडद्यावर चाललं होतं तेव्हा खरा अपघात आमच्या दाराशी झाला. १ जानेवारी १९७८च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ७४७, ‘एम्परर अशोक’, वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिजाची रेषा नाही. विमान उजवीकडे कललं आहे असं ते उपकरण सांगत राहिलं आणि ते सावरायला म्हणून विमान डावीकडे झुकत गेलं. उड्डाणापासून पाण्यापर्यंत दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जुहूच्या चौपाटीवर डोक्यावरून जाणारी विमानं मोजत वाढलेल्या मुलांना त्या दिवशी जे समजलं ते कुठल्याच सिनेमाने सांगितलेलं नव्हतं. दोरीवरून येणारा हेस्टन नाही, रेडिओवर धीर देणारा पत्रोनी नाही. काय बिघडलं आहे हे कळण्याइतकाही वेळ नाही. हा वेळ पडद्यावर कसा आणायचा, हा मला या सिनेमांपुढचा खरा प्रश्न वाटतो.

जुन्या सिनेमाला वेळ होता, कारण जुन्या विमानालाही तो होता. १९५४चा ‘द हाय अँड द मायटी’ घ्या. लेखक अर्नेस्ट गॅन स्वतः वैमानिक. होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं पंख्याचं डीसी-४, खाली पॅसिफिक, एक इंजिन निकामी, इंधन गळतंय. परत फिरणं आता शक्य नाही, पुढचा किनारा गाठता येईल की नाही याचं गणित कॉकपिटमध्ये मांडलं जातं. तिथे माणसं किती! कॅप्टन, उपवैमानिक, नॅव्हिगेटर. एक पट्टी-पेन्सिल घेऊन नकाशावर वाकलेला, दुसरा रेडिओशी झगडणारा. कॅप्टन खचतो तेव्हा जॉन वेनने रंगवलेला वयस्क उपवैमानिक त्याला भानावर आणतो. एवढी माणसं एका खोलीत म्हटल्यावर संवाद आपोआप जन्माला येतात. एक विचारतो, दुसरा सांगतो, आणि प्रेक्षकाला काहीही वेगळं समजावून द्यावं लागत नाही. मागे प्रवासी असतात, त्यांची लग्नं, कर्जं, पश्चात्ताप. समुद्र ओलांडायला रात्र जाते, तेवढ्यात सगळ्यांची आयुष्यं उलगडून होतात.

मग नॅव्हिगेटर गेला, रेडिओ ऑपरेटर गेला, शेवटी उड्डाण अभियंताही गेला. कॉकपिटमध्ये दोघे उरले आणि ते कमी बोलतात. बोलतात ते चेकलिस्टच्या ओळी. इशारे यंत्र देतं. नाट्य लिहिणाऱ्याने करावं काय? त्याने विमानातून बाहेर पडून चौकशीच्या खोलीत मुक्काम ठोकला. २०१२च्या ‘फ्लाइट’मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन उलटं विमान उडवतो ते पहिल्या अर्ध्या तासातच, उरलेला सिनेमा त्याच्या दारूचा आणि साक्षीचा आहे. त्यातला शेपटीचा बिघाड २०००साली अलास्का एअरलाइन्सच्या विमानात खरोखर झाला होता, तिथे मात्र ८८जणांपैकी कुणीच वाचलं नाही. आपल्याकडचा ‘रनवे ३४’ घ्या. ऑगस्ट २०१५मध्ये दोहाहून कोचीला आलेलं एक विमान खराब हवामानामुळे तिथे उतरू शकलं नाही आणि अगदी थोडं इंधन उरलं असताना त्रिवेंद्रमला उतरलं. त्या घटनेवरून हा सिनेमा सुचला. पूर्वार्ध पावसाचा, उत्तरार्ध अमिताभ बच्चनने घेतलेल्या उलटतपासणीचा.

आणि ‘सली’. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क, एअरबस ए३२०, पक्ष्यांचा थवा, दोन्ही इंजिनं बंद. पक्षी आदळल्यापासून हडसन नदीत उतरेपर्यंत २०८ सेकंद, आणि १५५जण जिवंत. क्लिंट ईस्टवुडने त्या सेकंदांना हात लावला नाही, ताणली नाहीत. त्याऐवजी तीच ती उड्डाणाची गोष्ट पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी दाखवली: कॉकपिटमधून, नियंत्रकाच्या खोलीतून, केबिनमधून. वेळ कमी आहे, मग तोच पुन्हा जगायचा. आमचे तरुण मित्र थ्रस्टचे आकडे तपासायला चित्र थांबवतात आणि त्यांना बोट ठेवायला फारसं काही सापडत नाही.

पण माझी तक्रार नेमकी इथेच आहे. कॉकपिट इतकं अचूक केलं, आणि चौकशी करणाऱ्यांना खलनायक केलं. सिनेमात तपास अधिकारी कॅप्टन सलीला अडकवायला टपलेले दिसतात, आणि वैमानिकाला विचार करायला लागलेला वेळ सिम्युलेटरमध्ये धरा हे सलीला त्यांना भर सुनावणीत सांगावं लागतं. प्रत्यक्षात ३५ सेकंदांचा तो विलंब धरून चाचणी तपास पथकाने आपण होऊन घेतली होती. तपास संस्थेच्या लोकांनी सिनेमावर जाहीर नाराजी दाखवली, आणि पटकथेतली अधिकाऱ्यांची खरी नावं बदलावीत असं स्वतः सुलेनबर्गर, म्हणजे खऱ्या सली यांनीच सुचवलं होतं. म्हणजे बॅगेतला बॉम्ब गेला, वादळ गेलं, पण खलनायकाची खुर्ची रिकामी राहू दिली गेली नाही. ज्या माणसांमुळे पुढचं विमान सुरक्षित होतं, त्यांनाच तिथे बसवलं.

याला उत्तर जुन्या काळातच आहे. १९५१चा ‘नो हायवे इन द स्काय’ आमच्या गटात थोड्यांनीच पाहिला होता. ज्यांनी पाहिला ते त्याच्याविषयी बोलताना अजून आवाज चढवतात. नेव्हिल शूट हा विमान अभियंता, त्याच्या १९४८च्या कादंबरीवरून काढलेला. जेम्स स्ट्युअर्टचा विसरभोळा शास्त्रज्ञ सांगत असतो की नव्या ‘रेनडिअर’ विमानाची शेपटी ठरावीक तासांनंतर धातू थकल्यामुळे तुटणार. एका प्रवासात त्याला कळतं की आपण बसलोय ते विमान त्या तासांच्या पुढे गेलं आहे. गँडरला उतरल्यावर ते पुन्हा उडू नये म्हणून तो जमिनीवरच त्याची चाकं आत ओढून घेतो आणि विमान पोटावर बसतं. रेनडिअर नावाचं विमान कधीच नव्हतं. पण तीनच वर्षांत, १९५४च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, दोन कॉमेट जेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेत फुटली, आणि फार्नबरोला आख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब वाढवत-उतरवत पाहिल्यावर कारण निघालं ते धातूच्या थकव्याचंच. खोट्या विमानाने सांगितलेली ती गोष्ट खरी होती. तिथे हिरो म्हणजे कारण शोधणारा माणूस, आणि खलनायक कुणीच नाही.

खलनायकाशिवाय गोष्ट सांगायचा हा दम अलीकडे मला एकाच सिनेमात दिसला. १३ ऑक्टोबर १९७२ला उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. ४५जणांपैकी १६जण ७२ दिवसांनी वाचले. १९९३च्या ‘अलाइव्ह’ने ती गोष्ट इंग्रजी बोलणाऱ्या नटांकडून, वाचलेल्यांच्या पराक्रमासारखी सांगितली. २०२३च्या ‘सोसायटी ऑफ द स्नो’मध्ये दिग्दर्शक बायोनाने उरुग्वे-अर्जेंटिनाचे नट घेतले, त्यांच्याच स्पॅनिशमध्ये बोलू दिलं, आणि मेलेल्यांची नावं व वय पडद्यावर लिहिली. निवेदकही शेवटपर्यंत न वाचलेला मुलगा. विमान तुटतं तेव्हाच्या खुर्च्या-हाडांच्या तपशिलाची वाहवा सगळ्यांनी केली; मला त्यापेक्षा ती नावं खरी वाटली.

१२ जून २०२५नंतर अशा सिनेमाची निकड आणखी वाटू लागली आहे. अहमदाबादला कोसळलेलं एअर इंडियाचं ते ड्रीमलायनर जेमतेम अर्धा मिनिट हवेत होतं. त्या संध्याकाळपर्यंत मोबाइलवर संगणकाने रचलेली अपघाताची चलच्चित्रं फिरू लागली, आणि चौकशी सुरू व्हायच्या आत प्रत्येकाने आपापला खलनायक निवडून टाकला होता. पडद्याने लावलेली ही सवय आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून एक सिनेमा मला आपल्याकडून हवा आहे. माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाची दोन विमानं गेली. १९५०चं ‘मलबार प्रिन्सेस’, त्यावरून सुचलेला स्पेन्सर ट्रेसीचा ‘द माउंटन’ १९५६ला आला आणि त्यात एक हिंदू स्त्री जिवंत सापडते. प्रत्यक्षात ४८पैकी कुणीही वाचलं नव्हतं. दुसरं २४ जानेवारी १९६६चं ‘कांचनजंगा’, ज्यात होमी भाभा होते. त्यावर कट-कारस्थानाच्या कथा भरपूर झाल्या. पण विमानाचं एक दिशादर्शक उपकरण चालत नव्हतं, नियंत्रकाने केलेली दुरुस्ती कॅप्टनला वेगळी ऐकू आली, आणि शिखर मागे पडलं असं समजून ते खाली उतरू लागले, ही तपासात निघालेली गोष्ट कुणी पडद्यावर आणलेली नाही. दोन शहाणी माणसं, दोघेही आपलं काम नीट करणारी, आणि मधे एक वाक्य. तिथल्या बोसाँ हिमनदीने २०२०मध्ये इंदिरा गांधींच्या बातम्या असलेली त्या विमानातली वर्तमानपत्रं बाहेर टाकली, तेव्हापासून आमच्या गटात या पटकथेवर बोलणं चालू आहे. सुरुवात मुंबईहून करायची की बैरूतहून, यावर एकमत नाही. ७०७च्या काळ्या धुरावर आहे, आणि इंजिनांच्या आवाजावर आहे: तो रोल्स-रॉइस कॉनवेचाच हवा, स्टुकाचा भोंगा चालणार नाही.